तडजोडीनंतर सिबिल : आधी नोंदी, मग स्कोअर

कर्जाच्या ओझ्याखाली धंदा बसला, काही रक्कम सोडून उरलेली घेण्याच्या बँकांशी तडजोडी झाल्या, ठरलेली रक्कम भरूनही झाली, आणि तरीही चार वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी किंवा एखाद्या साध्या दुचाकीसाठी अर्ज केला की शाखेतून नकार येतो, अशी कुटुंबे कोल्हापुरात कोणत्याही पेठेत सापडतील. लहान व्यावसायिकांचे हिशेब ठेवणे आणि त्यांची करविवरणपत्रे भरणे हा माझा व्यवसाय असल्याने त्यांतली बरीच माणसे माझ्या कार्यालयात येतात आणि खुर्चीत टेकल्याबरोबर विचारतात, "साहेब, सिबिल वाढवायला काय करायचं?" त्यांना मी जे सांगतो ते इथे सविस्तर लिहीत आहे. सिबिल म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींवरून काढलेला गुणांक, म्हणजेच स्कोअर. त्या स्कोअरच्या मागे लागू नका, आधी नोंदी सरळ करा. तो आकडा नोंदींवरून निघतो, आणि चुकीच्या किंवा अर्धवट नोंदींवर नवीन कार्ड, नवीन कर्ज चढवत गेलात तर वेळही जातो आणि पैसाही.

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण 'दिवाळखोरी जाहीर केली की सगळे संपते' असा समज घेऊन काही जण येतात. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचे नाव कंपन्यांच्या बातम्यांमुळे सर्वांना ठाऊक झाले आहे. परंतु तिचा व्यक्तींविषयीचा तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो केवळ कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांपुरता. अगदी गरीब कर्जदारांसाठी, म्हणजे वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत आणि पात्र कर्जे ३५,००० रुपयांपर्यंत असलेल्यांसाठी, त्या संहितेत नव्याने सुरुवात करून देणारी एक तरतूद आहे, पण ती अद्याप अमलात आलेली नाही. त्यामुळे स्वतःच्या किंवा दुकानाच्या नावावर कर्ज घेतलेल्या कोल्हापूरच्या माणसासाठी आजही १९२० चा नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, कायदा आहे आणि त्याखालचा अर्ज जिल्हा न्यायालयाच्या कक्षेत येतो. त्या कायद्याचे वय त्यातल्या रकमांवरूनच कळते : नादार ठरलेल्या आणि अजून मुक्तता न मिळालेल्या माणसाने ती गोष्ट न सांगता ५० रुपयांची किंवा त्याहून अधिक उधारी केली, तर त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. या वाटेने जाणारे फार थोडे. बाकीचे बँकेशी बोलून, घासाघीस करून, एकरकमी तडजोड करतात, आणि पुढचे सारे विवेचन मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

व्हीनस कॉर्नरच्या परिसरात विजेच्या साहित्याचे दुकान असलेल्या एका स्नेह्यांचे उदाहरण, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने, सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांच्या दुकानात पाणी शिरले आणि तळाच्या मांडणीवरचा सगळा माल गेला. तो धक्का पचतो न पचतो तोच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. त्या वर्षी ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा मिळाली खरी, पण व्याज चढतच राहिले. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी पुन्हा आले आणि त्यांनी हात टेकले. बँकेचे कॅश क्रेडिट (धंद्याच्या खेळत्या भांडवलासाठीचे कर्ज), एका फायनान्स कंपनीचे वैयक्तिक कर्ज, दोन क्रेडिट कार्डे आणि पतसंस्थेचे जामीनकी कर्ज असा पाच ठिकाणचा बोजा होता. वडिलोपार्जित जागेतला आपला हिस्सा विकून त्यांनी एकेकाशी तडजोड केली. कर्ज देणाऱ्यांना तोंड न चुकवता ज्याने हे सारे निस्तरले, त्या माणसाला नंतर प्रत्येक शाखेत संशयाने पाहिले जावे याचे मला मनापासून वाईट वाटत असे.

पहिले काम आपल्या कर्जांच्या नोंदींचा अहवाल मागवण्याचे. आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण देशात अशा नोंदी ठेवणाऱ्या चार पतमाहिती संस्था आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. कर्ज देणाऱ्या बँका आणि वित्तसंस्थांनी चारही ठिकाणी माहिती पाठवणे अपेक्षित असते, तरी चारही अहवाल तंतोतंत जुळतातच असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०१७ पासून प्रत्येक संस्थेला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल स्कोअरसह विनामूल्य द्यावा लागतो. संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन पॅन, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक दिला की तो मिळतो, त्यासाठी कोणालाही पैसे मोजावे लागत नाहीत. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर घटतो ही समजूतही खोटी आहे. घटतो तो कर्जासाठी अर्ज केल्यावर बँकेने केलेल्या चौकशीमुळे, तोही थोडाच. पण महिन्याभरात सहा ठिकाणी अर्ज टाकले तर त्या सहा चौकशा पुढच्या बँकेला दिसतात आणि माणूस पैशांसाठी वणवण करतो आहे असे चित्र उभे राहते.

अहवाल हातात आल्यावर बहुतेक जण पहिल्या पानावरचा आकडा पाहतात, तो ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो, आणि कागद मिटतात. खरी माहिती पुढच्या पानांवर असते. प्रत्येक कर्जाखाली महिनावार चौकटींची एक पट्टी असते, अलीकडचा महिना आधी आणि मागचे पुढे, अशी ३६ महिन्यांपर्यंतची. चौकटीत '०००' असेल तर त्या महिन्यात काही थकले नव्हते. '०३०', '०६०' असे आकडे असतील तर हप्ता तितके दिवस लांबला होता. 'एक्सएक्सएक्स' असेल तर त्या महिन्याची माहितीच आली नाही. नव्वद दिवसांच्या पुढे खाते अनुत्पादक (एनपीए) ठरते आणि तिथे आकड्याऐवजी अक्षरेही दिसू शकतात. आमच्या स्नेह्यांच्या पाचपैकी तीन खात्यांच्या पट्ट्या आम्ही पेन्सिलीने खुणा करत पासबुकाशी ताडून पाहिल्या. त्यात एका कार्डाची पूर्ण रक्कम व्याजासकट भरलेली असताना ते 'सेटल्ड', म्हणजे काही रक्कम सोडून मिटवलेले, दाखवले होते, आणि वैयक्तिक कर्ज दोनदा लागले होते : एकदा मूळ कंपनीच्या नावाने आणि एकदा ते थकीत खाते विकत घेतलेल्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीच्या नावाने. पैसे दुसरीला पोहोचले होते, पहिलीच्या नोंदीत थकबाकी जशीच्या तशी होती. खाते असे विकले गेले असेल तर ना देय दाखला, म्हणजे काही देणे उरले नसल्याचे पत्र, विकत घेणाऱ्या कंपनीकडून घ्यावा लागतो आणि मूळ कंपनीकडे पाठपुरावा करून तिथली शिल्लक शून्य करून घ्यावी लागते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट मी आवर्जून तपासतो. नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हे तिन्ही सारखे असलेले दोन-तीन पाटील एकाच तालुक्यात असणे आपल्याकडे नवलाचे नाही. जुन्या खात्यांत पॅन नोंदवलेला नसेल तर नाव, जन्मतारीख, पत्ता यांच्या आधारे जुळणी होते आणि परक्याचे ट्रॅक्टरचे कर्ज आपल्या अहवालात येऊन बसू शकते. अहवालातला प्रत्येक पत्ता आणि प्रत्येक फोन क्रमांक आपलाच आहे ना, हे म्हणूनच पाहावे.

चूक सापडली की त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते आणि सोबत कर्ज देणाऱ्या बँकेलाही लेखी कळवावे, कारण दुरुस्ती बँकेच्या होकाराशिवाय होत नाही. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. १०० रुपये ही रक्कम मोठी नाही, पण अर्जात या नियमाचा उल्लेख केला की उत्तर लवकर येते, हा माझा अनुभव आहे. एवढ्यानेही काम झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती संस्थाही त्या योजनेत आल्या आहेत. आमच्या स्नेह्यांच्या दोन्ही चुका लोकपालापर्यंत न जाताच दुरुस्त झाल्या, मात्र त्यासाठी प्रत्येक पत्राची पोच आणि प्रत्येक भरणा-पावती हाताशी ठेवावी लागली.

आता ज्या नोंदी चुकीच्या नाहीत, खऱ्याच आहेत, त्यांच्याकडे वळतो. तडजोडीत बँकेने जेवढी रक्कम सोडली तेवढे आपले वाचले असे वाटते, परंतु त्या सवलतीची किंमत अहवालात 'सेटल्ड' या शेऱ्याच्या रूपाने पुढची कित्येक वर्षे मोजावी लागते. 'रिटन ऑफ' हा शेरा त्याहून वाईट. वर्तमानपत्रांत अशा 'रिटन ऑफ', म्हणजे निर्लेखित, कर्जांचे आकडे वाचून अनेकांना ते कर्ज माफ झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात बँक केवळ आपल्या ताळेबंदातून ती रक्कम काढते, कर्जदाराचे देणे तसेच राहते आणि वसुलीही चालू राहते. जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमावलीनुसार शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत ज्या बँकेने तडजोड केली, तिला त्या कर्जदाराला किमान १२ महिने नवे कर्ज देता येत नाही. हे ठाऊक नसल्याने तडजोडीनंतर तीन महिन्यांतच त्याच शाखेत जाऊन अपमान झाल्याचे दुःख करणारे मी पाहिले आहेत. तिथल्या अधिकाऱ्याचा त्यात काहीही दोष नव्हता.

'सेटल्ड' पुसण्याचा प्रामाणिक मार्ग एकच आहे. हातात पैसे आले की बँकेला पत्र देऊन सोडलेली रक्कम भरण्याची तयारी दाखवायची, ती स्वीकारली गेली की पूर्ण फेडीचा दाखला घ्यायचा आणि खाते 'क्लोज्ड' म्हणून कळवण्याची लेखी विनंती करायची. प्रत्येक खात्याच्या बाबतीत हे परवडणारे नसते आणि मी तसा आग्रहही धरत नाही. ज्या कार्डावर सोडलेली रक्कम पंधरा-वीस हजारांची आहे ते आधी पूर्ण करावे. लाखांच्या कॅश क्रेडिटचा शेरा काळाच्या ओघात फिका होऊ द्यावा. सात वर्षांनी सगळे आपोआप पुसले जाते असे जे ऐकवले जाते त्यावर मात्र विसंबू नये. कायद्याने पतमाहिती संस्थांनी माहिती किमान सात वर्षे जपायची असते. तेवढी वर्षे झाली की ती काढलीच पाहिजे असे त्यात नाही, आणि खात्यात थकबाकी दिसतच असेल तर बँक ती दरवेळी नव्याने कळवत राहते.

तडजोड तारण कर्जाची असेल तर कागदांकडेही लक्ष हवे. घराचे मूळ दस्त पूर्ण फेड किंवा तडजोड झाल्यापासून ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत आणि बँकेच्या दोषाने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. शहरातल्या मिळकतीच्या प्रॉपर्टी कार्डावरचा किंवा गावाकडच्या सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजाही आठवणीने कमी करून घ्यावा, कारण पुढे कर्ज मागताना वकील शोध घेतो तेव्हा जुना बोजा नेमका तिथेच आडवा येतो.

पतसंस्थेच्या कर्जाविषयी माझे मत हिशेबाच्या पलीकडचे आहे आणि ते मी प्रत्येकाला सांगतो. आपल्या अनेक पतसंस्था पतमाहिती संस्थांना माहिती पाठवत नाहीत, त्यामुळे तिथले कर्ज वेळेवर फेडले तरी स्कोअर वाढत नाही आणि थकवले तरी बऱ्याचदा तो घटत नाही. म्हणून काही सल्लागार सांगतात की पतसंस्थेचे देणे शेवटी ठेवा. मी नेमके उलट सांगतो. त्या कर्जाला दोन जामीनदार असतात. कोणी मेहुणा, कोणी शेजारचा दुकानदार, कोणी तालमीतला जुना मित्र. संस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला घेतला की जप्तीची नोटीस कर्जदाराइतकीच जामीनदाराच्याही दारात येते. ज्याने चहाच्या कपावर, आपल्या शब्दाखातर सही केली, त्याच्या पगारातून कपात सुरू होणे हे कोणत्याही स्कोअरपेक्षा मोठे नुकसान आहे. आमच्या स्नेह्यांनी जागेच्या पैशांतून सर्वांत आधी पतसंस्थेचे खाते बंद केले, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो या एका निर्णयामुळे अधिक दृढ झाला. बँकेच्या कर्जाला कोणी जामीन राहिले असेल तर ते खाते जामीनदाराच्या अहवालातही दिसते. म्हणून तडजोड पूर्ण झाल्यावर त्यांनाही आपला अहवाल तपासायला सांगावे आणि ना देय दाखल्याची एक प्रत त्यांच्या हाती द्यावी.

नोंदी सरळ झाल्यावर नवीन, चांगल्या नोंदी निर्माण करण्याचे काम सुरू होते, आणि ते दिसायला फार साधे आहे. मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे क्रेडिट कार्ड हे त्याचे सर्वांत सोयीचे साधन, कारण ठेव बँकेकडेच असल्याने जुन्या स्कोअरची फारशी अडचण येत नाही. आमच्या स्नेह्यांनी ३०,००० रुपयांची ठेव ठेवून असे कार्ड घेतले. त्यावर फक्त महावितरणचे बिल आणि स्कूटरचे पेट्रोल एवढेच जाई, आणि आलेले पूर्ण बिल बचत खात्यातून आपोआप वळते होईल अशी सूचना त्यांनी बँकेला दिली. इथे पूर्ण बिल महत्त्वाचे आहे. बिलावर छापलेली किमान देय रक्कम भरली की थकबाकीची नोंद टळते, पण उरलेल्या रकमेवर महिन्याला साधारण तीन-साडेतीन टक्के, कधी त्याहूनही अधिक व्याज चढते, आणि ज्याचे घर एकदा या व्याजाने पोखरले आहे त्याने त्या वाटेला पुन्हा जाऊ नये. वापरही मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. २५,००० ची मर्यादा असेल तर साडेसात हजारांच्या खाली. आधी नोंदी महिन्यातून एकदा जात असत, जानेवारी २०२५ पासून त्या पंधरवड्याला जाऊ लागल्या, त्यामुळे केलेली फेड आता लवकर उमटते आणि चुकलेला हप्ताही तितक्याच लवकर उमटतो.

सोनेतारणाचा पर्याय बरेच जण सुचवतात. बँकेतले सोनेतारण कर्ज अहवालात दिसते आणि ते वेळेवर सोडवले तर चांगली नोंद होते हे खरे. तरी केवळ स्कोअरसाठी घरातल्या बाईचे दागिने गहाण ठेवायला मी कधीही सांगत नाही. पैशांची खरीच गरज असेल तर गोष्ट वेगळी. खासगी सावकाराकडे ठेवलेल्या सोन्याची तर अहवालात नोंदच होत नाही.

'पंधरा दिवसांत सिबिल क्लीन' असे फलक आणि मोबाइलवरचे संदेश यांच्यापासून मात्र हात जोडून दूर राहावे. खरी नोंद कोणत्याही दलालाला पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करण्यासाठी दलाल लागत नाही. मी पाहिलेल्या एका प्रकरणात दहा हजार रुपये घेऊन एका दलालाने एवढेच केले होते की, सगळ्या खात्यांवर सरसकट तक्रारी टाकल्या; काही दिवस अहवालात 'विवादित' असे शेरे दिसले, बँकेने माहिती खरी असल्याचे कळवले आणि सगळे पूर्ववत झाले. शिवाय पॅन, आधार आणि मोबाइलवर येणारा ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या हाती गेला तो वेगळाच.

किती काळ लागतो, याचे नेमके उत्तर देता येत नाही, कारण सूत्र या संस्था उघड करत नाहीत आणि प्रत्येकाच्या थकबाकीचा इतिहास वेगळा असतो. आमच्या स्नेह्यांचा स्कोअर तडजोडीनंतर सहाशेच्या बराच खाली होता. चुका दुरुस्त झाल्यावर तो काहीसा सावरला आणि पुढे कार्डाची दोन वर्षे नियमित गेल्यावर सातशेच्या पुढे गेला. बँका साधारण साडेसातशेची अपेक्षा करतात, तिथवर ते अजून पोहोचलेले नाहीत. तरीही गेल्या वर्षी त्यांना धंद्याच्या टेम्पोसाठी कर्ज मिळाले, आणि ते ज्या रीतीने मागितले गेले ती रीत इतरांनाही उपयोगी पडेल. त्यांनी एकाच बँकेत अर्ज केला, जिथे त्यांचे चालू खाते होते आणि रोजची उलाढाल व्यवस्थापकांच्या डोळ्यांसमोर होती. अर्जासोबत तडजोडीची पत्रे, सगळे ना देय दाखले, २०१९ आणि २०२१ च्या पूरनुकसानीचे पंचनामे, तीन वर्षांची करविवरणपत्रे आणि जीएसटीची विवरणपत्रे तारखेनुसार लावलेली होती, आणि वर एका पानाचे निवेदन होते, ज्यात काय थकले, का थकले आणि कोणत्या तारखेला फेडले एवढेच लिहिले होते. व्यवस्थापकांनी पंचनामे वाचून काढले, पतसंस्थेचा दाखला दोनदा पाहिला, टेम्पोच्या किमतीतला स्वतःचा वाटा थोडा वाढवायला सांगितले आणि प्रस्ताव वरच्या कार्यालयाकडे शिफारशीसह पाठवला. व्याजदर नेहमीपेक्षा अर्धा टक्का जास्त लागला. तो हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो, आणि अहवालात जुन्या पट्ट्यांनंतर आता एक नवी पट्टी सुरू झाली आहे.